पूर्व आफ्रिकेत किशोर-तरुणांच्या आरोग्यगरजांचा अभ्यास: शाळेतली प्रश्नावली का पुरत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: केनिया किंवा युगांडातल्या एका ग्रामीण भागात १० ते २४ वयाच्या मुलामुलींच्या आरोग्यगरजा शोधायच्या आहेत. हातात सहा महिने आहेत. शाळांमधून प्रश्नावली भरून घेतली तर चालेल का, आणि नमुना किती घ्यावा?

नाही, शाळांवर भागणार नाही. युनेस्कोच्या २०१८ च्या आकडेवारीनुसार सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत १५ ते १७ वयाची जवळजवळ ६० टक्के मुलं शाळेबाहेर आहेत. १२ ते १४ वयातली एक तृतीयांश मुलंही शाळेत नाहीत. वर्गात बसलेल्यांना विचारून तुम्हाला मिळेल ते तुलनेने सुस्थितीतल्या मुलांचं चित्र. पंधराव्या वर्षी आई झालेली मुलगी, शहरात घरकामाला पाठवलेली मुलगी, बोडाबोडा म्हणजे भाड्याची मोटरसायकल चालवणारा मुलगा, व्हिक्टोरिया सरोवरावर मासेमारीला जाणारे पोरगे यांपैकी कोणीच त्यात येत नाही. ज्यांच्यापर्यंत पोहोचणं अवघड, त्यांच्याच गरजा बहुधा सर्वांत मोठ्या असतात. म्हणून आराखड्याच्या पहिल्या पानावर 'या पद्धतीतून कोण सुटेल' याची यादी करा आणि मगच पद्धत ठरवा.

वयाबद्दलही सुरुवातीलाच स्पष्ट व्हा. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ ला किशोरवय म्हणते, १५ ते २४ ला तरुण, आणि दोन्ही मिळून १० ते २४. पण अकरा वर्षांचा मुलगा आणि तेवीस वर्षांची दोन मुलांची आई यांना एकच प्रश्नावली देता येत नाही. १०–१४, १५–१९ आणि २०–२४ असे तीन गट करा. प्रश्न, संमतीची पद्धत आणि मुलाखतीचा वेळ प्रत्येक गटासाठी वेगळा ठेवा. १०–१४ च्या मुलांची मुलाखत पाऊण तासाच्या पुढे गेली की ती सगळ्यालाच 'हो' म्हणू लागतात.

उपलब्ध माहिती आधी तपासा, पण तिची भोकं ओळखून. लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणं, म्हणजे डीएचएस, १५ व्या वर्षापासून सुरू होतात. शाळांमधलं जागतिक विद्यार्थी आरोग्य सर्वेक्षण १३ ते १७ वयाचं, आणि तेही फक्त शाळेत. मुलांवरील हिंसेची सर्वेक्षणं १३ ते २४ वयाची. म्हणजे १० ते १२ वयाची मुलं जवळपास कुठेच नाहीत. या वयासाठी किन्शासा, ब्लॅन्टायरसारख्या शहरांत झालेल्या जागतिक पूर्व-किशोर अभ्यासाची साधनं पाहण्यासारखी आहेत. डीएचएसचा अमेरिकी निधी फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबला, तेव्हा तुमच्या देशाचं शेवटचं सर्वेक्षण कोणत्या वर्षीचं आहे ते पाहूनच आकडे वापरा. केनियासाठी ते २०२२ चं आहे. त्यात १५ ते १९ वयाच्या, कधी ना कधी गरोदर राहिलेल्या मुलींचं राष्ट्रीय प्रमाण १५ टक्के आहे. पण सांबुरू काउंटीत (काउंटी म्हणजे केनियातला जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग) ५० टक्के, वेस्ट पोकोटमध्ये ३६, आणि न्येरीत फक्त ५. अहवालाच्या प्रस्तावनेत राष्ट्रीय सरासरी छापून कोणाचंच भलं होत नाही, काउंटीचा आकडा शोधा.

सरकारी आरोग्य माहिती प्रणालीत आणखी एक अडचण आहे. केनियात बाह्यरुग्णांचे मासिक तक्ते दोनच प्रकारचे: ७०५-ए पाच वर्षांखालच्यांचा आणि ७०५-बी पाच वर्षांवरच्या सगळ्यांचा. सोळा वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांचे आजोबा एकाच रकान्यात. त्यामुळे संगणकावरचा डेटा मागण्याऐवजी दोन-तीन आरोग्य केंद्रांत बसून मूळ रजिस्टरं उघडा. बारा महिन्यांच्या नोंदींतून १० ते २४ वयाच्या रुग्णांचं वय, लिंग, निदान आणि येण्याची तारीख उतरवून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण स्वस्त आहे आणि फार बोलकं. १० ते १४ वयाची मुलगे-मुली केंद्रात किती कमी येतात, आणि पंधराव्या वर्षानंतर मुली प्रसूतीसाठी येतात पण मुलगे अपघात झाल्याशिवाय येतात का, हे दोन आठवड्यांत दिसू लागतं. तुमचा भाग किलिफी, नैरोबीतल्या कोरोगोचो-विवान्दानी किंवा युगांडातल्या इगांगा-मायुगे यांसारख्या कायमस्वरूपी लोकसंख्या नोंदणीच्या क्षेत्रात येत असेल, तर त्या संस्थेशी आधी बोला. घरोघरची यादी तयार असते, आणि तुमचे दोन महिने वाचतात.

यानंतर प्रश्नावलीला हात घालण्याआधी चार ते सहा आठवडे मुलांचंच ऐका. समवयस्क, समलिंगी सहा ते आठ जणांचे गट करा. अविवाहित मुली आणि आई झालेल्या मुली एकत्र बसवू नका, दोघीही गप्प होतात. गटात कोणालाही स्वतःबद्दल विचारायचं नाही, हा नियम काटेकोर पाळा. 'तुझ्या वयाची एक मुलगी आहे, तिची पाळी दोन महिने आली नाही, ती आधी कोणाला सांगेल?' अशी काल्पनिक गोष्ट द्या आणि चर्चा होऊ द्या. जमिनीवर किंवा मोठ्या कागदावर गावाचा नकाशा काढायला सांगा: कुठे भीती वाटते, कुठे खायला मिळतं, कुठे दारू मिळते, दवाखान्यात कोण ओळखीचं भेटतं. मोठ्यांनी ठरवलेल्या यादीत नसलेल्या गरजा इथेच पुढे येतात. झिंबाब्वेत २०१९ पासून १६ ते २४ वयासाठी वस्तीतच सेवा देणारी 'चिएड्झा' चाचणी मुख्यतः एचआयव्ही डोळ्यांसमोर ठेवून झाली. पण त्या केंद्रांवर मुलींमध्ये सर्वाधिक मागणी असलेल्या गोष्टींत पाळीसाठीचं साहित्य होतं, आणि ते तरुणांच्या सांगण्यावरून घेतलं गेलं होतं.

गावात शिरण्याचा रस्ता ठरलेला आहे. केनियात चीफ आणि असिस्टंट चीफ हे स्थानिक सरकारी अधिकारी, मग बराझा म्हणजे गावसभा. युगांडात एलसी-वन म्हणजे गाव परिषदेचा अध्यक्ष आणि गावाची आरोग्य स्वयंसेवक टीम. इथे घाई केली की पुढे रक्त घेताना अडकता. 'हे लोक रक्त विकतात' ही अफवा आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागांत जुनी आहे, आणि तिच्यामागे वसाहतकाळापासूनचे अनुभव आहेत. लोकांना अडाणी समजून ती उडवून लावू नका. सभेत नळी दाखवा, किती थेंब किंवा किती मिलिलिटर ते सांगा, नमुना कुठे जाणार आणि उरलेल्याचं काय होणार तेही सांगा. बोटाला टोचून काम भागत असेल तर शिरेतून रक्त घेऊ नका. शिरेतून घ्यायचंच असेल तर त्याचं कारण सभेतच द्या.

आता नमुना. ५० टक्के प्रमाण आणि अधिक-उणे ५ टक्के अचूकता धरली की सूत्रातून ३८४ येतात, आणि पुष्कळ प्रबंध तिथेच थांबतात. हा आकडा दोन कारणांनी अपुरा आहे. पहिलं, तुम्ही गावं निवडून त्यांतून मुलं घेणार, आणि एका गावातली मुलं एकमेकांसारखी असतात. त्याची भरपाई करणारा गुणक असा काढतात: एका गावातून घेतलेल्या मुलांच्या संख्येतून एक वजा करा, त्याला साम्य-गुणांकाने (एका गावातली मुलं एकमेकांसारखी किती, हे सांगणारा ० ते १ मधला आकडा) गुणा, आणि एक मिळवा. साम्य ०.०५ धरलं तर गावात २० मुलं घेतल्यास १.९५, १० घेतल्यास १.४५. म्हणजे कमी गावांत जास्त मुलं घेण्यापेक्षा जास्त गावांत कमी मुलं घेणं केव्हाही बरं. दुसरं, तुम्हाला सगळ्यांची मिळून सरासरी नको आहे, गटागटाचं चित्र हवं आहे. प्रत्येक गटासाठी अधिक-उणे ७ टक्के चालवून घेतले तर १९६. त्याला १.४५ ने गुणून २८४. पंधरा टक्के मुलं भेटणार नाहीत किंवा नकार देतील असं धरून ३३५. दोन वयोगट आणि दोन लिंगं असे चार गट म्हणजे १,३४०, तिन्ही वयोगट घेतले तर २,०१०. प्रत्येक गावातून प्रत्येक गटाची १० मुलं, म्हणजे ३४ गावं. सहा महिन्यांत चार गटच झेपतील.

हिंसा किंवा लैंगिक छळाबद्दल विचारणार असाल तर मुलींची गावं वेगळी आणि मुलांची वेगळी निवडा. मुलांवरील हिंसेच्या सर्वेक्षणांत हाच नियम आहे. एकाच वस्तीत छळ करणारा आणि सोसणारी दोघांनाही तेच प्रश्न विचारले गेले, तर प्रश्न काय होते हे त्याला कळतं आणि घरी तिच्यावर संकट येतं. याच कारणासाठी एका घरातून एकच मूल निवडायचं, आणि घरच्यांना अभ्यासाची ओळख 'आरोग्य आणि जीवनानुभव' अशी करून द्यायची. मात्र मुलाला स्वतःला, एकांतात, विषय पूर्ण सांगायचा. एका घरातून एकच घेतल्यामुळे चार मुलांच्या घरातलं मूल निवडलं जाण्याची शक्यता कमी होते, म्हणून घरातल्या पात्र मुलांची संख्या नोंदवा आणि विश्लेषणात त्या प्रमाणात भार द्या. ही संख्या नोंदवायची राहून गेली तर नंतर दुरुस्ती करता येत नाही.

फिल्डवर्कची तारीख शाळेचं वेळापत्रक पाहून ठरवा. केनिया आणि युगांडात माध्यमिकची असंख्य मुलं वसतिगृहात राहतात. सत्र चालू असताना घरोघरी फिरलात तर ती 'घरी नाही' म्हणून गळतात. केनियात एप्रिल, ऑगस्ट आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुट्ट्या यासाठी सोयीच्या. घरात राहणाऱ्या मोलकरीण मुली मात्र सुट्टीतही सुटतात, कारण यादी सांगणारी मालकीण त्यांना घरातलं माणूस म्हणून मोजतच नाही. 'काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं?' असा प्रश्न ठेवा. बोडाबोडाचे थांबे, मासळी उतरवायचे किनारे, बाजार इथे वेगळी पद्धत लागते: ठिकाणांची यादी करा, दिवस आणि वेळेचे तुकडे पाडा, त्यांतून सोडत काढा आणि त्या वेळी तिथे असलेल्यांना विचारा. घानात उत्तरेकडून अक्राच्या बाजारात डोक्यावर ओझी वाहायला येणाऱ्या 'कायायेई' मुलींपर्यंतही घरोघरच्या यादीने पोहोचता येत नाही.

लैंगिक वर्तनाच्या प्रश्नांना खरी उत्तरं मिळतात असं गृहीत धरू नका. टांझानियात म्वांझा भागात तरुणांच्या लैंगिक आरोग्य कार्यक्रमाचा परिणाम तपासणाऱ्या 'मेमा क्वा विजाना' चाचणीत प्रश्नावलीसोबत जैविक तपासण्याही झाल्या होत्या. संसर्ग किंवा गर्भधारणेचा पुरावा असलेल्या अनेकांनी प्रश्नावलीत संबंध आल्याचं नाकारलं होतं, आणि नाकारणाऱ्यांचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त होतं. विश्वास बसल्यावर घेतलेल्या सविस्तर मुलाखतींत त्याहून जास्त खरं बाहेर आलं. हेडफोन आणि टॅबलेट देऊन स्वतःच उत्तर भरायला लावलं की प्रश्न सुटतो असं बरेच जण मानतात. केनिया आणि मलावीत केलेल्या तुलनांत उत्तरं एकाच दिशेने गेली नाहीत. साधन वापरा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. त्यापेक्षा दोन साध्या गोष्टींनी जास्त फरक पडतो. मुलाखत घेणारी व्यक्ती त्याच गावची नसावी. आणि प्रश्नावलीत 'नाही' म्हणणाऱ्यालाही तेवढेच दुसरे प्रश्न येतील अशी रचना असावी. नाहीतर 'हो' म्हटलं की मुलाखत वीस मिनिटं लांबते, आणि दाराबाहेर बसलेल्या आईला ते बरोबर कळतं.

मानसिक आरोग्याच्या आकड्यांत तर साधन बदललं की चित्रच पालटतं. केनियाच्या राष्ट्रीय किशोर मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १० ते १७ वयाच्या ४४.३ टक्के मुलांना मानसिक त्रास आढळला, पण निदानाचे सगळे निकष पूर्ण करणारी १२.२ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला शाळेतल्या आधाराची गरज दाखवतो, दुसरा उपचाराची. अहवालात एकच देऊन थांबलात तर नियोजन चुकतं. शिवाय पाश्चात्त्य प्रश्नावलीचं भाषांतर आणि उलट-भाषांतर करून काम संपत नाही. दहा-बारा मुलांना प्रत्येक प्रश्न वाचून 'यात काय विचारलंय असं तुला वाटतं?' असं विचारा. नैरोबीच्या वस्तीत पुस्तकी स्वाहिली ऐकून मुलं मास्तरांसमोर बसल्यासारखी ताठ होतात, तिथे 'शेंग' म्हणजे स्वाहिली-इंग्रजीची मिश्र तरुण बोली बोलणारा मुलाखतकार हवा. तिथल्याच भाषेतून साधन उभं करण्याचा चांगला नमुना हरारेत आहे: स्थानिक रुग्ण आणि वैदू त्रास कसा मांडतात त्यावरून १९९० च्या दशकात बनलेली शोना लक्षण प्रश्नावली. ती घडवणारे विक्रम पटेल पुढे गोव्यातल्या 'संगथ'च्या संस्थापकांपैकी एक, तेव्हा ही पद्धत आपल्याकडच्या वाचकांना अगदीच परकी नाही.

शारीरिक तपासण्यांत मोजक्याच घ्या, पण नीट घ्या. रक्तक्षयासाठी १०–११ वयाला ११.५, १२–१४ ला १२, पंधराव्या वर्षापासून मुलींना १२ आणि मुलांना १३ ग्रॅम प्रति डेसिलिटर ही हिमोग्लोबिनची सीमा. गरोदर मुलीसाठी ती वेगळी असते, म्हणून गरोदरपण विचारल्याशिवाय आकडा लावू नका. एल्डोरेट समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटरवर आहे आणि किलिफी किनाऱ्यावर. उंचीची दुरुस्ती न करता दोन्हींची तुलना केली तर डोंगराळ भागातला रक्तक्षय झाकला जातो. बोटाचा पहिला थेंब पुसून टाका आणि बोट दाबून रक्त काढू नका. दाबल्याने ऊतींमधला द्रव मिसळतो आणि हिमोग्लोबिन कमी दिसतं.

बिल्हार्झिया म्हणजे गोड्या पाण्यातून होणारा कृमीचा आजार. त्यासाठी कोणता नमुना घ्यायचा हे भूगोल ठरवतो. केनियाच्या किनारी भागात मूत्रमार्गाचा प्रकार आहे, त्यासाठी सकाळी १० ते दुपारी २ च्या दरम्यानची १० मिलिलिटर लघवी गाळून पाहतात. व्हिक्टोरिया सरोवराकाठी आतड्याचा प्रकार, तिथे शौचाची काटो-काट्झ तपासणी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली कृमीची अंडी मोजणं. किनारी भागात हे सोडू नका. या कृमीमुळे मुलींच्या जननेंद्रियांना जखमा होतात, स्राव आणि रक्त जातं. दवाखान्यात तो लैंगिक संसर्ग समजला जातो, आणि कधीही संबंध न आलेल्या मुलीवर संशय घेतला जातो.

संमतीचा भाग सर्वांत जास्त वेळ खातो. १८ खालच्यांसाठी साधारणपणे पालकांची परवानगी आणि मुलाची स्वतःची संमती दोन्ही लागतात. युगांडाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आठव्या वर्षापासून मुलाची संमती घ्यायची आहे, आणि ठरावीक परिस्थितीतल्या १४ ते १७ वयाच्या मुलांना स्वतः निर्णय घेण्याची मुभा आहे. लग्न झालेल्या, गरोदर किंवा आई झालेल्या अल्पवयीन मुलींसाठी पालकांची अट शिथिल करावी असा अर्ज संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिक समितीकडे कारणांसह करा. केला नाहीत तर याच मुली नमुन्यातून गळतील. केनियात मान्यताप्राप्त नैतिक समिती, मग नाकोस्टी या राष्ट्रीय विज्ञान आयोगाचा संशोधन परवाना, मग काउंटीचं आरोग्य आणि शिक्षण खातं. युगांडात समिती, मग यूएनसीएसटी म्हणजे राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान परिषद, मग जिल्हा प्रशासन. पूर्ण व्हायला तीन महिने सहज जातात.

कायदा उत्तरांवर कसा परिणाम करतो हेही पाहा. केनियात आणि युगांडात १८ खालच्यांशी संबंध हा गुन्हा आहे. सोळा वर्षांच्या दोघांनी एकमेकांच्या मर्जीने ठेवले तरीही. टांझानियात गरोदर मुलींना सरकारी शाळेत परत घेण्यावरची बंदी नोव्हेंबर २०२१ मध्ये उठली. त्याआधी शाळेत भरलेल्या प्रश्नावलीत गर्भधारणा कमी दिसणं साहजिकच होतं. केनियात आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं कलम उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये घटनाबाह्य ठरवलं. त्याआधीच्या सर्वेक्षणांत त्या प्रश्नाला 'हो' म्हणणं म्हणजे गुन्ह्याची कबुली होती. म्हणून कोणती माहिती गुप्त राहील आणि कोणती पुढे कळवावी लागेल हे समितीशी आधी ठरवा आणि संमतीपत्रात सोप्या शब्दांत लिहा.

मदतीची सोय नसेल तर छळाचा आणि आत्महत्येचा प्रश्न विचारूच नका. सोय म्हणजे कागदावरची फोन नंबरांची यादी नव्हे. त्याच दिवशी उपलब्ध असलेला समुपदेशक किंवा क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसला तरी उपचार करणारा प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी), तिथपर्यंतचं गाडीभाडं, आणि पंधरा दिवसांनी 'ती पोहोचली का?' हे पाहणारं माणूस. केनिया आणि युगांडात ११६ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे, पण मुलीकडे फोन नसेल तर तिचा उपयोग नाही. बलात्कारानंतर एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, म्हणून हा मार्ग फिल्डवर्कच्या आधी एकदा प्रत्यक्ष चालून तपासा: शनिवारी दुपारी ते औषध जवळच्या केंद्रात खरंच मिळतं का?

आरोग्य केंद्राची पाहणी वगळू नका. जागतिक आरोग्य संघटनेची किशोरांसाठीच्या सेवांची आठ मानकं २०१५ पासून आहेत, ती तपासयादी म्हणून वापरता येतात. पण पाहणीला जाल तेव्हा चार वाजता जा, गणवेशातली मुलं सुटतात त्या वेळी. सकाळी दहाला सगळं नीट दिसतं.

सहा महिनेच असतील तर छाटणी अशी करा: २०–२४ चा गट सोडा, रक्ततपासणी सोडा, गावांची संख्या ३४ वरून २५ वर आणा आणि अचूकता कमी झाली असं स्पष्ट लिहा. ऐकण्याचे चार आठवडे, मदतीची सोय आणि निकाल गावात परत नेण्याचे दहा दिवस यांना हात लावू नका. या शेवटच्या दहा दिवसांचे पैसे अंदाजपत्रकात आत्ताच वेगळे काढा. आधी मुलांसमोर, मग पालकांसमोर, मग आरोग्य खात्यासमोर, याच क्रमाने निकाल मांडा. कोणता आकडा गावाला बदनाम करेल आणि कोणता मोठ्यांसमोर ठेवायलाच हवा, हे मुलं सांगतात, आणि त्यांचं ऐकून सादरीकरण बदलायला एखादा आठवडा लागतो.